कमाई रुपियात, देणं डॉलरात

देशावर परदेशी कर्ज किती, असं विचारलं की आपल्या डोळ्यांसमोर सरकार उभं राहतं. अर्थमंत्री, जागतिक बँक, फार तर 1991 साली गहाण पडलेलं सोनं. एखादी खासगी कंपनी सरकारला न विचारता थेट टोकियोच्या किंवा हाँगकाँगच्या बँकेकडून डॉलर उचलते, ती बातमी मात्र वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपते. माझ्या मते नजर ठेवायला हवी ती या दुसऱ्या कर्जावर. आणि तिथंही आधी रक्कम बघू नये, फेडणारा कमावतो कोणत्या चलनात ते बघावं.

इंडोनेशियाची गोष्ट यासाठी पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहे. नव्वदच्या दशकात सुहार्तोंच्या सरकारचं अंदाजपत्रक ताळ्यावर होतं. 1991 मध्ये त्यांनी सरकारी उपक्रमांच्या परदेशी कर्जांवर मर्यादाही घातल्या. खासगी कंपन्यांना मात्र रान मोकळं होतं. देशातलं कर्ज महाग, डॉलरचं बरंच स्वस्त आणि तिथलं चलन रुपिया दरवर्षी ठरल्यासारखा तीन-पाच टक्क्यांनी घसरणारा. हिशेब सरळ होता. इतकी संथ घसरण असताना विनिमयदराचा विमा काढायला, म्हणजे हेजिंगवर पैसे घालवायला कोण तयार होणार? ज्याने तो खर्च केला असता त्याला संचालकांनीच वेड्यात काढलं असतं.

बाझेलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या आकड्यांनुसार जून 1997 अखेर परदेशी बँकांचं इंडोनेशियाकडे 58.7 अब्ज डॉलर येणं होतं. त्यात सरकारी क्षेत्राचा वाटा 6.5 अब्ज, स्थानिक बँकांचा 12.4 अब्ज आणि बँका नसलेल्या खासगी कर्जदारांचा 39.7 अब्ज. सर्वांत मोठे सावकार जपानी होते. सुमारे 35 अब्जांची मुदत वर्षाच्या आत संपणार होती आणि मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत परकीय चलन होतं जेमतेम 20 अब्ज. मुदत भरली की नवं-जुनं करून घ्यायचं, हा शिरस्ता पडून गेला होता. आपल्याकडे पीककर्जाचं मार्चअखेरीला होतं तसंच, फक्त इथे सोसायटीचा सचिव जकार्तात नव्हता, टोकियोत होता.

ऑगस्ट 1997 मध्ये रुपिया मोकळा सोडला तेव्हा डॉलरला अडीच हजारांच्या आसपास रुपिये पडत होते. जानेवारीत भाव दहा हजारांपलीकडे गेला. त्यात ‘स्टेडी सेफ’ नावाची जकार्तातली टॅक्सी-बस कंपनी सापडली. हाँगकाँगच्या पेरेग्रिन या गुंतवणूक बँकेने तिला 26 कोटी डॉलरच्या आसपास रक्कम दिली होती. टॅक्सीचा मीटर रुपियात पडतो. देणं एका पैशाने न वाढताही रुपियातलं ओझं काही महिन्यांत चौपट झालं. टॅक्सी कितीही पळवली तरी ते फिटणारं नव्हतं. याच बुडीत येण्याने पेरेग्रिनचं कंबरडं मोडलं आणि जानेवारी 1998 मध्ये ती गुंडाळावी लागली. इतक्या हुशार बँकरांना टॅक्सीचं भाडं डॉलरमध्ये मिळत नाही हे कुणी सांगायला हवं होतं का?

त्याच वेळी दक्षिण कोरियाकडे परदेशी बँकांचं येणं कितीतरी जास्त, 103 अब्ज डॉलर होतं. पण त्यातले 67 अब्ज तिथल्या बँकांच्या नावावर होते. बँका मोजक्या असतात, त्यांच्यावर देखरेख असते, सरकार हमी देतं आणि सावकारांना एका टेबलाशी बसवता येतं. सोलने तसं केलं. इंडोनेशियात कर्जदार शेकडो. कुणी किती, कुणाकडून घेतलं याची पुरती नोंद सरकारकडेही नव्हती. 27 जानेवारी 1998 रोजी सरकारने कंपन्यांची फेड तात्पुरती थांबवण्याची घोषणा केली. सावकारांशी तडजोडीची चौकट ठरायला जून उजाडला. तोवर सुहार्तोंची खुर्ची गेली होती.

डॉलरची जोखीम कर्जदाराच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येते, हे महाराष्ट्राने गुहागर तालुक्यात पाहिलं आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाला बँक ऑफ अमेरिकासारख्या परदेशी बँकांचं कर्ज होतं. विजेचा दर डॉलरशी बांधल्यामुळे कंपनी आणि तिचे सावकार बिनघोर होते. विनिमयदराचा भार राज्य वीज मंडळावर, आणि मंडळ तर बिल वसूल करणार रुपयांत! 1993 मध्ये करार झाला तेव्हा डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता. मे 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला तेव्हा तो 47 च्या घरात होता. महाग इंधन, राजकारण ही कारणं होतीच, पण डॉलरचा हा खिळा पहिल्या दिवसापासून ठोकलेला होता.

भारतात परदेशी कर्ज उचलण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मुदत, व्याज, वापर यांवर अटी घातल्या. उद्योगजगत त्यांवर कुरकुरत आलं आहे. परमिटराजच्या आठवणीने कुणाला त्यांचा राग येणं समजण्यासारखं आहे, पण जकार्ता आठवलं की मला तो जाच स्वस्त वाटतो. अर्थात अटी असूनही 2013 मध्ये मे ते ऑगस्टदरम्यान रुपया 54-55 वरून 68 पर्यंत घसरला आणि हेजिंग न केलेल्या कंपन्यांचे ताळेबंद लाल झाले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने बँकांना, कर्जदाराचं हेजिंग नसलेलं परकीय देणं किती हे तपासायला भाग पाडलं.

परदेशी कर्जासाठी नोंदणी केलेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँक दरमहा जाहीर करते. कंपनीचं नाव, रक्कम, कारण, मुदत असं सारं तिच्यात असतं. त्यात आणखी एक रकाना वाढवावा: या कंपनीची कमाई कोणत्या चलनात आहे आणि कर्जाचा किती हिस्सा हेज केलेला आहे. कंपन्या याला व्यवसायाचं गुपित म्हणतील. त्यांचं ऐकू नये.