साठी आली, पुंजी कुठे?

गेल्या जुलैतली गोष्ट. मासेमारीबंदीचे दिवस होते. आपल्या चौक गावात बोटी शाकारून ठेवलेल्या होत्या आणि पडवी-पडवीत जाळी पसरली होती. दुपारी शेजारच्या काकांकडे जाऊन बसलो. वय चौऱ्याहत्तर. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, पायाच्या अंगठ्यात अडकवलेले जाळे, हातात सुई. ते जाळे त्यांचे नव्हते. स्वतःची बोट विकून त्यांना बरीच वर्षे झाली. आता दुसऱ्याची जाळी ते रोजावर शिवतात.

मी सहज म्हणालो, "काका, आता पुरे करा की."

"पुरे करून खाऊ काय? तुझे बरे आहे बाबा. तुला पेन्शन आहे."

मी हसलो, पण माझी पेन्शन किती हे त्यांना ठाऊक नव्हते. मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे काढली. पहिली काही वर्षे मालकाने फंड कापलाच नाही, पुढे कापला. फंड भरल्याची माझी वर्षे भरली अठरा. १९९५ च्या पेन्शन योजनेचा हिशेब असा आहे की पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. पगाराची मर्यादा २०१४ साली १५,००० रुपये ठरली. ती पूर्ण धरली तरी अठरा वर्षांचे ३,८५७ रुपयांच्या वर जात नाहीत. माझा पगार त्याहून कमी होता. फंडातली रक्कम म्हणाल तर एकदा घराच्या कौलांना लागली, एकदा मुलीच्या लग्नाला. राहिली ती आईच्या आजारपणात गेली. काकांनी ज्याला भाग्यवान समजले तो माणूस साठीच्या उंबरठ्यावर जवळपास रिकाम्या हातानेच उभा होता.

वाचकहो, हे रडगाणे म्हणून सांगत नाही. मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे. म्हातारपणी ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याची ती चूक समजायची का? आणि चूक असेल, तर त्याला मदत करणाऱ्याने आधी तिचा हिशेब मागावा का?

एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर हा विषय निघाला. एक गृहस्थ स्पष्टच बोलले, "हातात पैसा होता तेव्हा उडवला. आम्ही सुकटीवर भाकरी खाऊन बँकेत टाकला. आता आम्हीच त्यांना पोसायचे?" बोलणे कडू असले तरी खोटे नाही. उंबराच्या पाण्याला वेगळा बँड, लग्नाला वेगळा, हजार पाने आणि वर कर्ज, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. काहींनी केलेही आहे. मीही त्यांतलाच एक. मुलीच्या लग्नात मी जे खर्चले त्यातले निम्मे तिच्यासाठी नव्हते, गावासाठी होते. तेव्हा कोणी मला थांबवले नाही, हेही खरे. पायऱ्यांवर बोलणारे ते गृहस्थही पंगतीला होते.

शास्त्रात पाहावे तर दोन्ही बाजूंना आधार सापडतो. नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडे पाठवले आहे. दहा कुमारींच्या दाखल्यात तर शहाण्या पाच जणी आपल्या भांड्यातले तेल देत नाहीत, आणि प्रभू येशू त्यांना दोष देत नाही. हा दाखला मला नेहमीच अवघड वाटत आला आहे. सुज्ञता हा चार प्रमुख सद्गुणांपैकी एक आहे आणि पुढचा विचार न करणे हे साधेपणाचे लक्षण नव्हे, हे त्यातून मान्य करावेच लागते.

पण त्याच मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचच अध्याय आधी, द्राक्षमळ्याचा दाखला आहे. संध्याकाळी आलेल्या मजुरांनाही धनी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. त्याआधी तो त्यांना विचारतो की दिवसभर रिकामे का उभे राहिलात. त्यांचे उत्तर आपण पुष्कळदा घाईत वाचून पुढे जातो. आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही, असे ते सांगतात. म्हणजे धन्याने चौकशी केली होती, आणि रिकामे हात दिसले म्हणून आळस धरून चालला नाही. मग दिले ते तासांच्या मोजमापाने नव्हे. दिवसाची मजुरी म्हणजे घरातल्या त्या दिवसाच्या भाकरीची सोय.

दोन दाखल्यांचा मेळ मी माझ्यापुरता असा घालतो. कुमारींचे तेल हे उद्याच्या तयारीचे आहे. ती ज्याची त्याने करायची असते, दुसरा कोणी ती माझ्याऐवजी करू शकत नाही. भाकरीचे तसे नाही. ती दुसऱ्याच्या हातून घेता येते, म्हणून ती अडवून धरणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. तरुणाशी बोलताना कुमारींचा दाखला सांगावा, म्हाताऱ्याच्या दारात द्राक्षमळ्याचा. आपण बहुधा उलटे करतो. तरुणाला लग्नात उधळायला प्रोत्साहन देतो आणि सत्तरीच्या माणसाला काटकसरीचे धडे शिकवतो.

शिवाय बचत हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही. दर महिन्याला ठरलेली रक्कम हातात येते त्यालाच दर महिन्याला ठरलेली बाजूला टाकता येते. खलाशाला वाटा मिळतो, पगार नाही. बोंबील लागला तर पैसा, नाही लागला तर डिझेलची उधारी. निवृत्तीचे वय ही कल्पनाच मुळात नोकरदाराची आहे. १८८९ साली जर्मनीत बिस्मार्कने कामगारांना म्हातारपणीची पेन्शन सुरू केली तेव्हा वयाची अट सत्तर वर्षांची होती. आपल्या नाखव्याला, खलाशाला, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या त्याच्या बायकोला निवृत्तीचा दिवस सांगणारे पत्र कोण देणार? आपल्या आयांची बचत म्हणजे अंगावरचे सोने. ते बोटीच्या इंजिनासाठी गहाण पडले की घराची म्हातारपणाची पुंजी समुद्रात उतरली म्हणायची.

ज्यांना पगार होता तेही तरले असे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले हजारो परत आत गेलेच नाहीत. त्यांना उधळे कसे म्हणावे? महागाईचेही तेच. वर्षाला सहा टक्के धरली तर आज महिना १२,००० रुपयांत चालणारे घर दहा वर्षांनी जवळपास २१,५०० रुपये मागते. २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत साठीनंतर जास्तीत जास्त ५,००० रुपये मिळतात. तिशीतल्या मुलाने ती आज घेतली तर तीस वर्षांनंतरच्या त्या ५,००० ची किंमत याच हिशेबाने आजच्या ८७० रुपयांइतकी भरते. तरी मी माझ्या पुतण्याला ती घ्यायला लावली. काहीच नसण्यापेक्षा ८७० बरे. पण त्याला हेही सांगितले की हिच्यावर विसंबू नकोस.

बचतीचा विषय निघाला की मला योसेफाची आठवण येते. सुबत्तेच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात साठवला म्हणून दुष्काळात माणसे जगली. प्रवचनांतून त्याचे शहाणपण सांगितले जाते, पण ते कोठार घरोघरचे नव्हते, साऱ्या देशाचे होते, हे क्वचितच सांगितले जाते. (त्याच कोठारातल्या धान्यापायी लोकांनी शेवटी आपली जमीन फारोला विकली, हेही उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे. कोठार कोणाच्या हातात आहे तेही पाहावे लागते.) पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराला थोडेफार शिल्लक टाकता येईल इतके वेतन असावे अशी अपेक्षा धरली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये म्हातारपणीच्या पेन्शनला कामगाराचा हक्क म्हटले. मग आमच्या मालकाने ती सुरुवातीची वर्षे जे भरले नाही, ते माझ्या उधळेपणाच्या खात्यावर मांडायचे का?

आता मुलांकडे येतो. इथे लिहिताना हात जड होतो, कारण माझा मुलगाही हे पान वाचतो.

"पोरे हीच आमची पुंजी," असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. मुलाच्या फीला दिलेला पैसा ही मुदत ठेव नव्हती. देताना देणगी आणि मागताना कर्ज, असा व्यवहार आईबापांनी करू नये. तो मीरा रोडला एका खोलीचे घर हप्त्यावर घेऊन बसला आहे, त्याला दोन मुले आहेत. त्याचाही साठीचा दिवस येणार आहे. त्याने सगळे माझ्यावर खर्चले तर तीस वर्षांनी तो माझ्याच जागी येईल.

म्हणून मुलगा मोकळा झाला असेही नाही. मार्कच्या शुभवर्तमानात आईवडिलांना द्यायचे ते देवाला वाहिले म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभू येशूने फटकारले आहे. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल तर व्यवहाराचाच नियम सांगतो. विधवेला मुले-नातवंडे असतील तर त्यांनी आधी पाहावे, आणि जिला कोणीच नाही तिचा भार मंडळीने घ्यावा. त्या यादीत नाव घालायला वयाची अट आहे साठ वर्षांची. नियमाच्या दोन्ही बाजू वाचायला हव्यात. आपण "मुलांनी पाहावे" एवढीच वाचतो, आणि मुलांना जमले नाही की पाटी कोरी ठेवतो.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याखाली न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिले आणि मग सांभाळले नाही, तर ते लिहून देणे रद्दही होऊ शकते. ही अट कागदात स्पष्ट लिहून घ्यावी, एवढे मी प्रत्येकाला सांगतो. पण मुलावर दावा लावलेले म्हातारे आईबाप मी पाहिले आहेत. खर्च मिळतो, आणि जेवणाच्या वेळी बोलायला कोणी नसते.

सरकारची श्रावणबाळ योजना पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी आहे. २०२३ पासून तिचे महिना १,५०० रुपये झाले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न मात्र २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. रोजावर जाळी शिवणारा माणूस त्या हिशेबात बसतो की नाही हे तहसीलदार ठरवणार.

त्या दिवशी काकांना मी या योजनेचे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "निराधार लिहायचे? माझे दोन मुलगे आहेत. गाव काय म्हणेल?"

गावातला एक मी त्यांच्यासमोर बसलो होतो. मी माझ्या पेन्शनचा आकडा त्यांना सांगितला. घरच्यांखेरीज कोणाला तो पहिल्यांदाच सांगितला असेन. काकांनी सुई खाली ठेवली, चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि आतल्या बाजूला हाक मारली, "अगं, याला जेवायला वाढ."

जेवून झाल्यावर मी म्हणालो, सोमवारी रेशन कार्ड आणि आधार काढून ठेवा, दोघे मिळून जाऊ. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सुईत दोरा ओवून द्यायला मात्र मला सांगितले. त्यांना आता तेवढे दिसत नाही.