पाय उचलून बघावा

कोल्हापुरात रंकाळ्यावरून फुलेवाडीकडं जाताना एकाचा तबेला होता. तबेला म्हणजे पत्र्याचं शेडच, आणि घोडा एकच. पांढराशुभ्र, मोती नावाचा. लग्नसराईत मोतीची तारीख मिळायची नाही. डोक्यावर तुरा, अंगावर जरीची झूल, गळ्यात घुंगरमाळ घालून हलगीच्या कडकडाटात तो असा शांत चालायचा की नवरदेवसुद्धा घाबरायचा विसरून जायचा.

मोतीचं सगळं नाना बघायचे. नानांनी उमेदीत टांगा हाकला होता. टांगे गेले, पण हातातला घोडा गेला नाही. पहाटे यायचे, लांबूनच हाक द्यायचे आणि डाव्या अंगानं जवळ जायचे. आधी नुसता तळहात मानेवरून पाठीवर, पाठीवरून पोटाखाली, पोटाखालून चारी पायांवर फिरवायचे. कुठं गरम लागतंय का, कुठं सूज आहे का, पट्ट्याखाली कातडी सोलवटलीय का, हे सगळं त्या एका फेरीत कळायचं. मग खरारा. गोल गोल फिरवून मळ सुटा करायचा, नंतर केसांच्या दिशेनं ब्रश. डोळ्यांना आणि नाकपुड्यांना एक ओलं फडकं, शेपटीखाली दुसरं. दोन्हींची गल्लत कधी होऊ द्यायची नाही. आयाळीतला गुंता फणीनं ओढायचा नाही, बोटांनी सोडवायचा.

सगळ्यात शेवटी पाय. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, हात हळूहळू खाली न्यायचा, घोट्याच्या वर जरासं दाबायचं. मोती आपणहून पाय द्यायचा. मग टाचेकडून पुढं आकडी फिरवून खुरात अडकलेलं शेण, खडे, चिखल काढायचा. खुराच्या तळाला मधोमध मऊ, त्रिकोणी गादी असते. तिथं नाना नाक नेऊन वास घ्यायचे. बघणाऱ्याला किळस यायची.

मालक एकदा म्हणाला, "नाना, लोक वरनं बघत्यात. तळ कोण बघतंय?"

"वरनं दिसतोय खरं, मालक," नाना म्हणाले, "पण चालतोय तळावर."

तबेल्यात खुंटीला एक स्टीलचा पेला अडकवलेला असायचा. तो नानांचा. घराच्या सोप्यात माठ होता, त्यावर तांब्या होता, पण नानांनी पाणी प्यायचं ते तबेल्याच्या नळाचं आणि त्या पेल्यानं. कुणी कधी तसं सांगितलं नव्हतं, चालत आलं होतं. मालक वाईट माणूस नव्हता. नानांचा पगार त्यानं कधी अडकवला नाही, दिवाळीला कपडे दिले. पेल्याचं कुणी विचारलंच असतं तर तो म्हणाला असता, "आईला चालत नाही." अशा गोष्टीत आई फार उपयोगी पडते.

२६ जूनला शाहू महाराजांची जयंती. मिरवणुकीत मोती दरवर्षी पुढं असायचा. लगाम नानांच्या हातात, फेटा बांधून मालक बाजूला. मिरवणूक दसरा चौकात आली आणि तिथं भाषण झालं. वक्त्यानं कोल्हापूरकराला पाठ असलेली गोष्ट पुन्हा सांगितली. महाराजांच्या पागेतले गंगाराम कांबळे हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांना कळलं, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना चाबकानं फोडलं आणि गंगारामला स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर गंगारामनी चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक. तिथं चहा प्यायला कोण जाणार? मग खुद्द महाराजांची गाडी दारात थांबायला लागली. महाराजांनी मागवलेला चहा बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांना नाकारता येईना. पुढं १९१९ मध्ये महाराजांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने यांतली शिवाशीव हुकूम काढून बंद केली.

टाळ्या पडल्या. मालकानंही मनापासून वाजवल्या. नाना वाजवू शकले नाहीत, त्यांच्या हातात लगाम होता.

घरी परतेपर्यंत पावसानं झोडपलं. दिवसभर चालून नानांना खोकल्याची उबळ आली होती. सोप्यात चार पाहुणे बसले होते. नाना पायरी चढले, माठावरचा तांब्या उचलला आणि प्याले. मालक हळूच, अगदी गोड आवाजात म्हणाला, "नाना, तुझा पेला हाय न्हवं तिकडं?"

नानांनी तांब्या खाली ठेवला. तबेल्यात जाऊन मोतीचं अंग गोणपाटानं कोरडं केलं, खरारा केला, चारी पाय साफ केले, भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी पुढं ठेवली. लगाम खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत आणि नंतरही आले नाहीत.

मालकानं मनाला लावून घेतलं नाही. पुढं चातुर्मास होता, वराती बंद. घोड्याचं काम ते काय, आपणच करू. त्यानं मोतीला शाम्पूनं धुतलं, आयाळीला खोबरेल लावलं, शेपटीला मेंदी लावली. मोबाईलवर फोटो टाकले, ते लोकांना फार आवडले. पाय उचलायचा त्यानं एकदा प्रयत्न केला, पण मोतीनं हिसडा दिला आणि मालकाला तो वासही सोसवेना. राहिलं. नालबंदाला सहा-आठ आठवड्यांनी बोलवायचं असतं, पण घोडा उभाच तर आहे, नाल कशाला बदलायची? तेही राहिलं. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे जुलै-ऑगस्टात जमीन वाळण्याचं नाव नाही. शेडमध्ये शेण, मूत, गळकं पाणी यांचा राबडा झाला आणि मोती त्यातच उभा राहिला. वरून मात्र तो इतका पांढरा कधीच दिसला नव्हता.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलीच वरात मिरजकर तिकटीजवळची लागली. वाजंत्री सुरू झाली. मोती शंभर पावलं चालला आणि मागचा डावा पाय टेकवेना. नवरदेवाला उतरवून गाडीत बसवावं लागलं. मालकानं घेतलेले पैसे तिथंच परत केले आणि घोडा हातात धरून, लंगडत लंगडत घरी आणला.

डॉक्टर आले. चौघांनी धरून पाय उचलला तेव्हा काळं पाणी निथळलं आणि बघणारे मागं सरले. "हे कालचं नाही," डॉक्टर म्हणाले, "पावसाळाभर सडलंय." नाल काढली, मेलेला भाग कापून टाकला. घोड्याला धनुर्वात लवकर होतो म्हणून त्याचं इंजेक्शन दिलं. पुढं रोज खूर धुवायचा, पुरता कोरडा करायचा, औषध भरायचं, जागा सुकी ठेवायची. "हे रोज कोण करणार?" त्यांनी विचारलं. मालकानं हात लावायला जावं तर मोती लाथ उगारत होता.

संध्याकाळी मालक सिद्धार्थनगरात नानांच्या दारात गेला. सगळं सांगितलं. नाना मधे काही बोलले नाहीत. नानांच्या सूनबाईनं दारातूनच विचारलं, "चहा घेणार काय?" मालकानं मान हलवली. कप हातात आला तेव्हा गल्लीतली दोन माणसं बघत होती. त्यानं कप रिकामा केला.

"येतो मी," नाना म्हणाले. "पगार पहिलाच द्या. पाणी मात्र माठातलं."

तबेल्यात नानांनी लांबूनच हाक दिली. मोतीनं कान टवकारले. त्यांनी मानेवरून हात फिरवत फिरवत खाली नेला आणि दुखरा पाय मोतीनं थरथरत का होईना, दिला. मालकाला वाटलं, सुटलो. तर नाना बाजूला झाले.

"आता तुम्ही उचला."

"मला देत न्हाई तो, नाना."

"रोज हात लावला की देतोय. त्याला जात कळत न्हाई, मालक. हात कळतोय. आमच्या हातात एवढ्या लाखमोलाचा जीव दिलासा तुम्ही, आणि तांब्या तेवढा दिला न्हाईसा."

मालक खाली बसला. पहिल्या दिवशी त्याला ओकारी आली, दुसऱ्या दिवशी कमी आली. आकडी टाचेकडून पुढं ओढायची, मधल्या गादीला टोचवायची नाही, धुतल्यावर फटीत कापूस घालून ओल टिपायची, मगच औषध. हे सगळं तो शिकला. शेडमध्ये मुरूम टाकून जमीन उंच केली, मुताला वाट काढून दिली. हे काम चार महिन्यांपूर्वी एका दिवसात झालं असतं.

माठाचं आईला सांगायला तो फार बिचकत गेला. आई म्हणाली, "मी कधी नको म्हटलं हुतं रं?"

कापलेला खूर भरून यायला वेळ लागतो, कारण खूर महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. मोती माघात नीट चालायला लागला. तोवर हंगामाच्या निम्म्याहून जास्त तारखा बुडाल्या होत्या. परत केलेली आगाऊ रक्कम, डॉक्टर, औषधं, नालबंद हे सगळं फेडता फेडता पुढचा पावसाळा आला. लोक त्या वर्षीच्या पावसाला दोष द्यायचे आणि मालक ते ऐकून घ्यायचा, पण पाऊस दरवर्षीसारखाच पडला होता. हा तोटा त्यानं स्वतःच करून घेतला होता.