दारावरचा माणूस



देवस्थान असो, दिंडी असो की मठ, त्याचे नाव कोण राखतो? आपण म्हणतो विश्वस्त, अध्यक्ष, महाराज. पण दूरगावाहून आलेल्या भाविकाला यांपैकी कोणी भेटतच नाही. त्याला भेटतो चपला सांभाळणारा, रांग लावणारा, पंगतीत वाढणारा. भाविकाच्या लेखी तोच संस्थान.

आम्ही यावलची मंडळी भुसावळला गाडी धरून शेगावला जातो. श्रीगजानन महाराज संस्थानाहून परतलेला माणूस इमारतींचे कमी सांगतो, तिथल्या स्वच्छतेचे आणि सेवेकऱ्यांच्या बोलण्याचे जास्त. तिथे सेवेकरी रांगेतल्या माणसाला ‘माउली’ म्हणतो. यांतले कितीतरी जण घरची कामे ठेवून पाळीने येतात, विनामोबदला राबतात. त्यांची घडी बसवणारे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ साली गेले. तेही स्वतःला सेवकच म्हणवत. वरचा सेवक झाला म्हणून खालच्याला सेवा गोड लागली.

याच्या उलटचा अनुभव माझ्याच पदरी आहे. वीसएक वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात माझे काल्याचे कीर्तन होते. सर्वांभूती भगवद्भाव हा विषय चांगला रंगला. नंतर वरण-बट्टीचा महाप्रसाद. पंगती उठल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली. म्हणाली, “बाबा, कीर्तन लय गोड झालं. पण वाढणाऱ्या पोरानं मले पंगतीतून उठवलं.”

मी संतापून पोराला बोलावले. तो मान खाली घालून उभा राहिला. मग कळले, पहाटेपासून तो चुलीपाशी होता, पोटात अन्नाचा कण नव्हता. आणि सकाळी स्नानाचे पाणी उशिरा आले म्हणून चारचौघांत त्याला बोललेला मीच होतो. माझाच शब्द फिरून त्या माउलीपर्यंत पोहोचला होता. दोन तास मी सांगितले ते तिने ऐकले. सकाळी मी केले ते तिने भोगले.

म्हणजे पोराचा दोष नाही का? आहे. उपाशी माणसालाही जीभ आवरता येते. पण ज्याने त्याला उपाशी ठेवले, त्याने तो दोष मोजू नये. त्या दिवशी दोघांना शेजारी बसवून मी वाढले. म्हातारी जेवली, पोराच्या घशाखाली घास उतरेना.

पंढरीच्या महाद्वारात नामदेवरायांची पायरी आहे. संतांचे चरण लागावेत म्हणून एवढ्या थोर भक्ताने गाभारा मागितला नाही, दारातली पायरी मागितली. समोरच चोखोबांची समाधी. विठ्ठलाआधी आपले मस्तक तिथे टेकते. दाराशी उभा असलेला माणूस हलका, असे वारकऱ्याने कसे म्हणावे?

म्हणून संस्था चालवणाऱ्यांना विनंती एवढीच. आपल्या सेवेकऱ्याने भाविकाला माउली म्हणावे असे वाटत असेल, तर आधी आपण त्याला माउली म्हणावे. आणि पहिल्या पंगतीआधी तो जेवला का, हे विचारावे.

रामकृष्ण हरी.