नाताळचें ताट

दान कसें करावें हें सांगणारे ग्रंथ आपल्याकडे विपुल आहेत. दान कसें घ्यावें हें सांगणारे फार थोडे. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खालीं, एवढें एकदां ठरून गेल्यावर खालच्या हाताला शिकविण्यासारखें कांहीं उरत नाहीं, अशीच बहुधा आपली समजूत असावी. दरवर्षीं नाताळ जवळ आला, आणि ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांनीं गरजू शेजाऱ्यांना धान्य, कपडे, कांबळीं दिल्याच्या वार्ता कानीं आल्या, कीं हा प्रश्न आमच्या मनांत पुन्हा उभा राहतो. त्याचें मूळ एका घरगुती प्रसंगांत आहे. तो आधीं सांगतों.

आम्ही संगमेश्वरचे. सोनवी व शास्त्री यांच्या संगमावरचें हें गांव. पावसाळ्यांत नद्या फुगल्या कीं पाणी बाजारपेठेंत शिरतें, आणि मग त्यांतलें कोणत्या नदीचें कोणतें हें ओळखण्याची सोय राहत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या आळींत नगरकडच्या एक ख्रिस्ती नर्सबाई बदलून आल्या होत्या. त्या आणि आसपास विखुरलेलीं चारपांच कुटुंबें मिळून एक लहानशी मंडळी झाली होती. नाताळच्या आधीं महिनाभर हीं माणसें आपापल्या घरीं रोज मूठभर तांदूळ बाजूस काढीत, आणि सणाच्या आदल्या दिवशीं शिधे बांधून अडलेल्या घरीं गाजावाजा न करतां पोंचवीत. ज्यांना शिध्याची गरज नसे, त्यांच्याकडे करंज्या, चकल्या, अनारसे यांनीं भरलेलें ताट जाई. असें एक ताट आमच्याकडेही आलें. आमच्या थोरल्या आत्यांनीं गोड बोलून तें घेतलें, फराळ मोलकरणीच्या पदरांत घातला, आणि ताट घासूनपुसून रिकामें परत पाठविलें. शेजारचें भांडें रिकामें परत जाऊं नये असा ज्या घराचा दंडक, त्याच घरांत हें घडलें. आणि आम्हां सुशिक्षित म्हणविणाऱ्यांपैकीं एकानेंही तोंड उघडलें नाहीं. उलट, त्या दिवशीं ओटीवर चर्चा झाली ती एवढीच, कीं या मंडळींचा यांत हेतु काय असावा?

हा संशय अगदींच निराधार होता असें आम्ही म्हणत नाहीं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतल्या मिशनांनीं हजारों उपाशी माणसें जगविलीं, अनाथ मुलें आश्रयास घेतलीं, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं पुढें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. भुकेल्याच्या पुढें भाकरी ठेवतांना त्याच्या श्रद्धेची किंमत मनांत धरणें हा अन्यायच होय. कारण उपाशी मनुष्यास नकार देण्याचें स्वातंत्र्य नसतें, आणि जेथें नकाराचें स्वातंत्र्य नाहीं तेथें होकाराला अर्थ नाहीं. परंतु हें म्हणून झाल्यावर दुसरा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावयास हवा. त्या दुष्काळांत गांवकुसाबाहेरच्या मुलाच्या तोंडांत भाकरीचा तुकडा घालण्यास मिशनऱ्यांच्या आधीं कोण धांवलें? ज्या दारांत आपण गेलों नाहीं, त्या दारांत दुसरा कां गेला याची चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

शिवाय हेतूची कसोटी लावावयाची तर ती आपल्यालाही लावली पाहिजे. श्राद्धाचें अन्न, नवसाचें अन्नदान, ग्रहणांतलें दान, यांत आपल्यालाही कांहीं मिळवावयाचें असतेंच. त्याला आपण पुण्य म्हणतों इतकेंच. ज्याच्याकडून उपकाराची फेड होणार नाहीं त्याला केवळ कर्तव्य म्हणून दिलेलें दान सात्त्विक, असें गीतेच्या सतराव्या अध्यायांत सांगितलें आहे. उजव्या हातानें दिलेलें डाव्या हाताला कळूं नये, ही ख्रिस्ताची शिकवणही त्याच उंचीची आहे. दोन्ही धर्मांतले आपण सामान्य लोक त्या उंचीच्या बरेच खालीं वावरतों. म्हणून निर्मळ हेतु सिद्ध होईपर्यंत कोणाचें दान स्वीकारूं नये असा नियम केला, तर जगांत कोणी कोणाचें कांहींच घेऊं नये असें होईल.

पंडिता रमाबाईंचें चरित्र या ठिकाणीं आठवतें. १८७० नंतरच्या दशकांतल्या दुष्काळांत त्यांचे आईवडील गेले. घर विद्येचें, परंतु मोलमजुरी करण्याची वा भिक्षा मागण्याची लाज, आणि त्या लाजेखालीं झालेली उपासमार त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविली आहे. खालच्या हाताचें दुःख त्यांनीं असें अंगानें भोगलें होतें. १८८९ सालीं त्यांनीं शारदा सदन काढलें. १८९३ मध्यें तेथील मुलींच्या धर्माविषयीं वाद उठला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनींही सल्लागारपद सोडलें. तो मतभेद क्षुल्लक नव्हता. तरी १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांत जाऊन शेंकडों मुलींना व विधवांना त्या घेऊन आल्या, आणि केडगांवास मुक्तिसदन उभें राहिलें, हेंही तितकेंच खरें. तेथें त्या बायकांना विणकाम, छपाई, शेती असे उद्योग शिकविले गेले. घेणाऱ्याला स्वतःच्या पायांवर उभें करून त्याला एक दिवस देणारा करणें, हीच दानाची खरी परीक्षा, असें आम्हांस वाटतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. नाताळांत ख्रिस्ती मंडळी शेजाऱ्याला देते तेव्हां तिच्या डोळ्यांपुढें शोमरोन्याचा दृष्टांत असतो. शेजारी कोणाला म्हणावें, असें एका शास्त्र्यानें ख्रिस्ताला विचारलें. उत्तरांत त्यानें वाटेंत लुटल्या गेलेल्या प्रवाशाची गोष्ट सांगितली: याजक व लेवी बाजूनें निघून गेले, आणि यहुदी ज्यांना तुच्छ मानीत अशा शोमरोनी जातीच्या मनुष्यानें त्याला उचललें. या गोष्टींतून दुःखिताला मदत करावी एवढाच बोध आपण घेतों. परंतु तींतला शेजारी मदत घेणारा नव्हे, देणारा आहे. आणि तो तिरस्कृतांपैकीं आहे. ऐकणाऱ्याला खरें कठीण वाटलें असेल तें हेंच: ज्याला आपण हलका मानतों, त्याच्या हातून आपले प्राण वांचले हें कबूल करणें.

आमच्या ओटीवरचा संशय खरोखर कशाविषयीं होता, हें आम्हांस येथें कळलें. नगरकडच्या (तेव्हांच्या अहमदनगरच्या, आतांच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती कुटुंबांपैकीं पुष्कळांचे पूर्वज गांवकुसाबाहेर राहत. शतकापूर्वीं त्यांच्या पदरांत आपण वरून, स्पर्श न होईल असें अन्न टाकीत होतों. त्यांच्या वंशजांनीं भरलेलें ताट समोर धरलें, आणि आपल्याला एकाएकीं हेतु आठवला! अडचण हेतूची नव्हती. हाताच्या दिशेची होती.

हीच गोष्ट मंडळींच्या बाजूनें पाहिली ती याच रत्नागिरी जिल्ह्यांत, करजगांवीं, १८६१ सालीं जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनीं. परक्या पैशावर उभी असलेली मंडळी या भूमीची होऊं शकत नाहीं, ही त्यांची धारणा. म्हणून १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून त्यांनीं सातारा येथें ‘देवाचा दरबार’ मांडला. जो केवळ घेतच राहतो तो कोणाचाही बरोबरीचा होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. आज एखादी लहान मंडळी स्वतःच्या मुठीमुठीनें शिधा जमवून देते, तेव्हां ती त्याच वाटेनें चालत असते. तिलाही आमचें एक सांगणें आहे: शिध्याबरोबर उपदेश बांधूं नये, घेणाऱ्यास रांगेंत उभें करून छायाचित्र काढूं नये, आणि भूक डिसेंबरापुरती नसते हें विसरूं नये.

असो. त्या नाताळानंतरच्या पावसाळ्यांत आमच्या माजघरांत पाणी आलें. रात्रभर माळ्यावर बसून राहिलेल्या आम्हां सर्वांना सकाळीं नर्सबाईंनीं गुडघाभर पाण्यांतून खिचडीचें पातेलें आणून दिलें. थोरल्या आत्यांनीं पहिला घांस घेतला. तेव्हां हेतूची चौकशी कोणीं केली नाहीं. पातेलें भरून परत करावयाचें असें आत्यांनीं ठरविलें होतें. परंतु घर सांवरेपर्यंत बाईंची बदली झाली, आणि त्या घाईनें निघून गेल्या. तें पातेलें अजून आमच्याकडे आहे. दान पुढच्या गरजूला देऊन फेडतां येईल. पण शेजाऱ्याचें भांडें त्याच शेजाऱ्याकडे भरून जावें लागतें. दरसालच्या नाताळांत आम्हांस हें ऋण आठवतें, आणि तें आठवावें हेंच योग्य आहे.