बेटावरचा उंदीर

माणसाने पशूचे रूप घ्यावे, ही कथावाङ्मयाची फार जुनी हौस आहे. संत ऑगस्टीन यांच्या ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या अठराव्या खंडातही तिची चर्चा आढळते. आपण इटलीत असताना ऐकलेली एक वदंता त्यांनी तेथे नोंदविली आहे. काही खाणावळवाल्या स्त्रिया वाटसरूंना चीजमधून काहीतरी खाऊ घालीत, त्यासरशी त्यांची ओझ्याची जनावरे होत आणि काम उरकल्यावर ती पुन्हा माणसे होत. त्या अवधीत त्यांचे मन मात्र माणसाचेच राही. ऑगस्टीन अशा रूपांतरावर विश्वास ठेवीत नाहीत. हा सारा दुष्टात्म्यांनी घडविलेला आभास, असे त्यांचे मत. परंतु जनावराच्या देहात जागे राहिलेले माणसाचे मन, हा तपशील वाचणाऱ्याच्या मनातून सहजी जात नाही.

आम्हांला तो आठवला एका अमेरिकन कुमार-कादंबरीमुळे. के. ए. ॲपलगेट यांची ‘ॲनिमॉर्फ्स’ ही मालिका १९९६ ते २००१ या काळात प्रसिद्ध झाली. तिचे मुख्य भागच ५४ आहेत. आपल्यापैकी पुष्कळ पालक अशी पुस्तके मुखपृष्ठावरूनच बाजूला सारतात. मुलाचा चेहरा टप्प्याटप्प्याने पालीचा वा पक्ष्याचा होत चाललेला पाहून त्यांना आत काही वाचण्याजोगे असेल असे वाटत नाही. काही भाग खरोखर उथळ आहेत, हे मान्य. तथापि १९९८ साली निघालेल्या विसाव्या, एकविसाव्या आणि बाविसाव्या भागांत मिळून जी एक कथा येते, ती मोठ्यांनीही वाचावी अशी आहे.

कथेची मांडणी थोडक्यात अशी. यीर्क नावाचे परग्रहावरचे, गोगलगाईसारखे मऊ जीव माणसाच्या कानावाटे मेंदूत शिरतात आणि त्याला आतून गुलाम करतात. या गुप्त आक्रमणाची वार्ता पाच शाळकरी मुलांना लागते. मरणोन्मुख झालेला एक परग्रहवासी योद्धा त्यांना एक सामर्थ्य देऊन जातो: ज्या प्राण्याला स्पर्श करावा, त्याचे रूप घेता यावे. अट एकच. त्या रूपात दोन तासांहून अधिक काळ राहिल्यास परतीची वाट कायमची बंद. पहिल्याच भागात टोबायस नावाचा मुलगा असा ससाणा होऊन बसतो.

पुढे डेव्हिड येतो. हे सामर्थ्य देणारी निळी पेटी त्याच्या हाती लागते, शत्रू त्याच्या घरावर चालून येतो आणि त्याचे आईवडील यीर्कांचे गुलाम होतात. घर, शाळा, नाव सारेच एका दिवसात गमावलेल्या या मुलाला ते पाच जण आणि त्यांचा परग्रहवासी सोबती ॲक्स आपल्यात घेतात. सामर्थ्य देतात, लढाईत नेतात. निजायला जागा मिळते ती कॅसीच्या घरच्या गोठ्यात, जखमी वन्य पशूंच्या पिंजऱ्यांजवळ. एका रात्री तो एका हॉटेलच्या खोलीत चोरून शिरतो, तेव्हा पुढारी जेक त्याची खरडपट्टी काढतो. शिस्तीच्या दृष्टीने जेकचे बरोबरच होते. परंतु वाचताना आम्हांला राहून राहून वाटले की, त्या पोराला बिछान्यापेक्षा काही निराळेच हवे होते, आणि ते त्याला कोणीच दिले नाही.

डेव्हिड उलटतो. टोबायस समजून तो एका ससाण्याला ठार मारतो, सिंह होऊन जेकचा जीव घ्यायला धावतो. अपघातात जायबंदी होऊन इस्पितळात पडलेल्या, जेक व रेचल यांच्या नात्यातल्या एका मुलाचे रूप घेऊन तो त्याच्या आप्तांमध्ये वावरतो. तो मोकळा राहिला तर सगळे पकडले जाणार, आणि त्यांच्याबरोबर मानवजातीची आशाही. त्याला ठेवायला तुरुंग नाही, न्यायाला न्यायालय नाही, सल्ला विचारायला एकही वडीलधारे माणूस नाही.

मारायचे नाही, एवढे मुले ठरवितात. मग त्याला उंदराचे रूप घ्यायला लावून बंदिस्त जागी कोंडायचे आणि दोन तास जाऊ द्यायचे, असा बेत ठरतो. तो सुचतो कॅसीला. पशुवैद्यांची मुलगी, सगळ्यांत हळव्या मनाची, मुंगीवर पाय पडला तरी कळवळणारी. राखण करण्यासाठी रेचल थांबते. कठोर काम तीच करू शकेल, असे जेकने गृहीत धरलेले असते आणि ते गृहीत धरणेच तिला बोचत असते. रूप पालटलेली मुले एकमेकांशी मनातल्या मनात बोलतात, त्यामुळे डेव्हिडची याचना आणि शिव्याशाप कानांवर हात ठेवूनही थांबत नाहीत. दोन तास संपतात. मुले त्याला समुद्रातल्या एका निर्जन खडकाळ बेटावर, तेथल्या उंदरांत नेऊन सोडतात. बाविसाव्या भागाचे शीर्षक आहे ‘द सोल्यूशन’, म्हणजे ‘तोडगा’.

रक्ताचा थेंब सांडला नाही. पण मग पिलातानेही स्वहस्ते प्रभूला ओरखडा काढला नव्हता.

लढाई चालू असताना जेकच्या हातून डेव्हिड मेला असता, तर संत थॉमस अक्वायनस यांनी आत्मसंरक्षणाचा जो विचार मांडला आहे त्याच्या आधारे त्याला बरेच सावरून घेता आले असते. हेतू स्वतःचा जीव वाचविण्याचा असावा आणि बळ गरजेपुरतेच वापरावे, असे ते म्हणतात. येथे डेव्हिड आधीच हाती सापडलेला आहे. आमची शंका अशी की, कॅसीच्या हळव्या मनाला त्या घटकेस डेव्हिडपेक्षा आपल्या स्वतःच्या निष्कलंकतेची काळजी अधिक होती. हळव्या मनाची माणसे कधीकधी कठोर माणसांना सुचणार नाही असे क्रौर्य शोधून काढतात, ते यामुळेच.

यावर कोणी म्हणेल, जीव तर राखला! परंतु कोणाचा? आत्मा हा देहाचे रूपतत्त्व आहे, असे १३१२ साली व्हिएन येथील धर्मपरिषदेने सांगितले. त्या शिकवणीप्रमाणे माणसाचा आत्मा उंदराच्या देहात नांदणे अशक्यच. कादंबरी मात्र ते क्षणभर शक्य मानायला लावते आणि विचारते: विचार करणारे, भिणारे, कदाचित पश्चात्तापही करू शकणारे हे मन जर आत शाबूत असेल, तर ‘आता तो उंदीरच’ असे म्हणून होडी वळविता येईल काय? माणसाला आधी शब्दांनी कीटक करायचे आणि मग त्याचे काहीही करायचे, ही रीत पुस्तकातलीच नव्हे. १९९४ साली रवांडात, जेथे बहुसंख्य लोक कॅथोलिक होते, तुत्सींना आकाशवाणीवरून झुरळे म्हटले जात होते.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाचा २२६७ वा परिच्छेद २०१८ साली पालटण्यात आला आणि देहदंड अग्राह्य ठरला. अपराध्याची सुधारणेची शक्यता कायमची हिरावून घेतली जाऊ नये, हे त्यामागचे एक कारण. पुष्कळांना हे पटले. त्याच विचारसूत्राने दिवंगत पोप फ्रान्सिस आणखी पुढे गेले, ते मात्र फारसे कोणी ध्यानात घेतलेले दिसत नाही. जन्मठेप हा लपविलेला देहदंडच होय, असे त्यांनी २०१४ साली दंडविधानाच्या अभ्यासकांपुढे सांगितले आणि २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात पुन्हा मांडले. व्हॅटिकनच्या स्वतःच्या दंडसंहितेतून जन्मठेप २०१३ मध्येच काढण्यात आली होती. ‘फाशी नको, मरेपर्यंत सडू दे’ असे जेव्हा आपण जेवणाच्या पानावर वर्तमानपत्र वाचताना म्हणतो, तेव्हा आपणही त्या बेटाच्याच वाटेला लागलेले असतो. ज्याच्यापासून इतरांना खरोखर धोका आहे त्याला अडवून ठेवलेच पाहिजे, याविषयी आमचा वाद नाही. अडवून ठेवणे आणि परतीचे दार बुजविणे यांत अंतर आहे, आणि त्या मुलांपाशी पहिल्याचे साधन नव्हते. म्हणूनच त्यांना दोष देताना आमची जीभ अडखळते. त्यांच्याकडे नसलेले तुरुंग, न्यायालये आणि वडीलधारी माणसे आपल्याकडे आहेत.

लेखिकेने मुलांना सुटू दिलेले नाही, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. बाविसाव्या भागाच्या अखेरीस त्या बेटाजवळून जाणाऱ्या नावांतील लोकांना कोणाचा तरी आक्रोश ऐकू येतो. पुढे २००० सालच्या ४८ व्या भागात डेव्हिड परत येतो. अखेर तो आणि रेचल समोरासमोर असतात. बेटावर पुन्हा धाडू नकोस, मारून टाक, असे तो तिला विनवितो. रेचल रडत असते. तिने काय केले, हे पुस्तकात लिहिलेले नाही.