साखरपाणी

गेल्या डिसेंबरात मी एका पक्ष्याचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या गॅलरीतला हमिंगबर्ड'. बॉटनी केलेल्या मैत्रिणीचा लगेच मेसेज आला, की हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत असतात, हा शिंजीर आहे. तिचं बरोबर होतं. हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो, शिंजीर शक्यतो कुठेतरी टेकून. माझा पाहुणा म्हणजे जांभळ्या शिंजिराचा नर. विणीचा हंगाम सरला की त्याचा झळाळता निळा-काळा रंग उतरतो आणि पिवळट अंगावर गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते, शाई सांडल्यासारखी.

मी राहतो पत्र्या मारुतीपासून दोन मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत घरमालकीण काकूंच्या जास्वंदीच्या दोन कुंड्या. शिंजीर त्यांच्यासाठी यायचा. जास्वंदीच्या फुलात तो समोरून शिरत नाही, देठाजवळ भोक पाडून मध ओढतो. परागीभवन वगैरे काही नाही, सरळ चोरी.

पण फांद्यांमागे फोटो नीट येईना. म्हणून फीडर मागवला, एक भाग साखर आणि चार भाग पाणी. जुना फोन ट्रायपॉडवर लावला, हालचाल दिसली की आपोआप क्लिप घेणारी स्क्रिप्ट लिहिली. चार दिवसांत तो फीडरवर यायला लागला. मग मी आणखी एक गोष्ट केली. कुंड्या उचलून गच्चीवर नेऊन ठेवल्या. काकूंना सांगितलं, तिथे ऊन चांगलं मिळतं. हे खोटं नव्हतं, पण खरं कारण मागची फ्रेम मोकळी करणं हे होतं.

जानेवारीत बहिणीच्या लग्नासाठी दहा दिवस कोल्हापूरला गेलो. पारा दहाच्या खाली गेलेला. परत आलो तर फीडरमधलं पाणी गढूळ, कडेला काळी बुरशी, मुंग्यांची रांग. फोन मात्र चार्जिंगला असल्यामुळे इमानदारीत चालू होता. त्या रात्री बसून सगळ्या क्लिप पाहिल्या. पहिले तीन दिवस तो येतो, पितो, जातो. चौथ्या दिवशी चोच बुडवतो, मान झटकतो. पाचव्या दिवशी दोनदा येतो, नुसता बसतो, जिथे कुंड्या होत्या तिकडे बघतो (हे 'बघतो' माझं, पक्षी कुठे बघतो हे मी कोण सांगणार). सातव्या दिवसापासून काही नाही. दहा ग्रॅमही वजन नसलेल्या जिवाच्या फेऱ्या वाया घालवल्याचा पुरावा मीच गोळा केला होता, टाइमस्टॅम्पसकट.

तो मेला असं मी म्हणत नाही. शिंजीर किडे आणि कोळीही खातो, पिल्लांना तर मुख्यतः तेच भरवतो. पुढे पांगारा, काटेसावर फुलणारच. पुण्यातल्या थंडीत त्याला माझी गरज नव्हतीच, आणि नेमकं तेच मला टोचतं. व्हँकुव्हर-सिएटलकडे अ‍ॅनाज हमिंगबर्ड नावाचा पक्षी हिवाळाभर राहतो. रात्री शरीराचं तापमान खूप खाली आणून तो तगून राहतो, आणि तिथली माणसं गोठू नये म्हणून फीडर रात्री घरात घेऊन उजाडायच्या आत परत टांगतात. पण मुळात विसाव्या शतकात तो दक्षिणेकडून इतका वर पसरला त्यात बागांमधल्या झाडांचा आणि या फीडरांचाच मोठा हात आहे. म्हणजे आधी गरज की आधी बाटली, हे तिथेही सरळ नाही. तरी निदान पहाटे उठणारं कुणीतरी असतं.

आमच्या धंद्यात एखादी सेवा बंद करायची तर आधी सहा महिने कळवावं लागतं. आम्ही काही लिहून दिलं नसलं, तरी लोक तिच्यावर विसंबायला लागले की ते वचनच होतं. पक्ष्याला नोटीस देता येत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. 2025च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि लोकांनी ती फाडली, तेव्हा मी त्या लोकांना हसलो होतो. त्यांचं पुण्य, माझी फ्रेम. कबुतरांच्या विष्ठेचा आजाराशी संबंध आहे, म्हणून तो वाद वेगळा हे मान्य. पण घालणाऱ्याला काय मिळतं हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

फीडर धुऊन माळ्यावर टाकला, कुंड्या खाली आणल्या. काकूंना खरं कारण सांगितलं तर म्हणाल्या, "अरे, मग तेव्हाच सांगायचंस ना!" आणि विषय संपवला.

फेब्रुवारीच्या शेवटी एक नर आला, पूर्ण काळा-निळा. तोच का, सांगता येत नाही, रेघ नव्हती. पण सकाळी सातलाच काकू गणपतीसाठी झाडून सगळी फुलं तोडतात, हे मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. धीर करून म्हटलं, "काकू, दोन फुलं ठेवाल का झाडावर?"

त्यांनी जरा विचार केला. "ठेवते. पण अंगारकीला नाही हं."