सरकारी मदत : दान की देणे?

निराधार विधवेला, अपंगाला, म्हाताऱ्याला, दुष्काळात काम गमावलेल्या मजुराला सरकारने मदत करावी की नाही, हा वाद आता फारसा कुणी घालत नाही. निवडणुकीच्या तोंडावर तर सर्वच पक्ष मदतीची भाषा बोलतात. पण त्याखाली एक जुना प्रश्न तसाच पडून आहे. ही मदत सरकार कोणत्या नात्याने देते आणि माणूस ती कोणत्या नात्याने घेतो? ते दाता आणि याचक यांचे नाते आहे की ऋणको आणि धनको यांचे?

'दान' आणि 'देणे' हे एकाच घरातले शब्द. पण दान हे देणाऱ्याच्या मनावर असते. मनात आले तर द्यावे, नाही आले तर हात आखडावा. घेणाऱ्याने दोन्ही वेळा हातच जोडायचे. देणे तसे नसते. देण्याला मुदत असते, हिशेब असतो, आणि ते थकले तर 'का थकले?' असे विचारण्याचा अधिकार समोरच्याला असतो. फरक रकमेत नाही, या विचारण्यात आहे.

बलुत्याचा धडा

हा फरक आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. महाराने गावाची राखण केली, सरकारी सांगावे पोचवले, मेलेली ढोरे ओढली, सीमेच्या तंट्यात साक्ष दिली. त्याचा मोबदला म्हणून बलुते होते. म्हणजे ती मजुरी होती. पण ती कशी मिळे? येसकराने दारोदार फिरावे, हाळी द्यावी आणि वरून टाकलेली शिळी भाकर घोंगडीत झेलावी. कमावलेली मजुरी देण्याच्या रीतीमुळे भीक झाली आणि राबणारा माणूस भिकारी ठरला. धान्य तेच, भाकर तीच. मापून हातात दिली असती तर वेतन, वरून टाकली म्हणून उष्टे.

पूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे बिल मांडले, त्यामागे हेच मर्म होते. मोबदला ठरलेला असावा आणि तो मागताना मान खाली घालावी लागू नये. ही कनिष्ठ गावकामगार वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली. वतन गेले, पण वरून टाकण्याची वृत्ती गेली का? तहसील कचेरीच्या ओट्यावर सकाळपासून बसलेली म्हातारी, 'साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी या' असे ऐकून परत जाते, तेव्हा तिच्या हक्काचे पैसे आपण पुन्हा बलुत्याच्या रीतीनेच देत नाही काय?

हे देणे कशावरून?

'सरकारचे कसले देणे? पैसा करदात्यांचा आहे,' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आपल्याला तर 'सरकारचे जावई' हा टोमणा पिढ्यान् पिढ्या ऐकावा लागला. त्यांना तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली अशी की तिजोरी एकट्या श्रीमंताने भरलेली नाही. साबणाची वडी, मोबाइलचा रिचार्ज, पायातली चप्पल या प्रत्येक खरेदीत गरीबही कर भरतो. पावतीवर त्याचे नाव नसते, एवढेच.

दुसरी अशी की दारिद्र्य हे मागील जन्मीच्या पापाचे फळ नव्हे. पूर्वजन्मीच्या कर्माने माणूस गरीब झाला असे मानले, तर त्याला दिलेला घास हा देणाऱ्याच्या पुण्याचा विषय होतो. आणि पुण्य मिळवायला गरीब कायम राहणेच सोयीचे पडते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा हा सिद्धांत नाकारला. दारिद्र्य समाजाच्या रचनेतून आले असेल, तर ते निवारणे ही त्या रचनेची जबाबदारी ठरते.

तिसरी गोष्ट संविधानाची. कलम ४१ सांगते की बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्यासाठी राज्याने आपल्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत तरतूद करावी. शब्द 'हक्क' असा आहे, 'कृपा' असा नाही. कलम ३७ प्रमाणे या तत्त्वासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही हे खरे; पण ही तत्त्वे राज्यकारभाराच्या मुळाशी आहेत असेही तेच कलम सांगते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्यविम्याची जी योजना त्या काळात आखली गेली, तिच्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर त्यांनी प्रत्येक प्रौढ नागरिकाला सक्तीचा आयुर्विमा असावा असे मांडले. विम्यात कुणी कुणावर दया करीत नाही. सगळे मिळून ठेवतात आणि ज्याच्यावर वेळ येते तो हक्काने उचलतो.

आळशीपणाचा आक्षेप

'फुकट मिळाले की लोक आळशी होतात' हा आक्षेप फार जुना आहे. इंग्लंडात १८३४ च्या गरीब कायद्याने या भीतीपोटी असे तत्त्व घालून दिले की, मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत हलक्या मजुराहूनही वाईट ठेवावी, म्हणजे खरा नडलेलाच दार ठोठावील. त्यासाठी माणसांना कोंडणारी श्रमगृहे चालवली. हेच तत्त्व जहाजातून हिंदुस्थानात आले. १८७७ च्या मद्रासच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे रोजचे धान्य एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोच्याही आत आणले. भुकेल्याची भूक खरी आहे की खोटी, हे तपासण्यासाठी त्याला आणखी उपाशी ठेवणे, असा तो न्याय होता. इंग्लंडने स्वतःचा गरीब कायदा १९४८ साली मोडीत काढला. आपल्या कचेऱ्यांतून मात्र त्याचे भूत अजून हिंडते.

आळशीपणाच्या आक्षेपाला महाराष्ट्राने स्वतःच उत्तर दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात याच माणसांनी काय मागितले? काम मागितले. १९७३ च्या उन्हाळ्यात लाखो स्त्री-पुरुष खडी फोडत होते, नालाबांध घालत होते, पाझर तलाव खोदत होते. ज्यांना आळशी म्हणायचे त्यांनीच भर उन्हात घण उचलला. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून तिच्यासाठी पैसा उभा करण्यात आला. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, हे तिचे मर्म. सरकार चुकले तर सरकारला भुर्दंड! दानात असे कधी ऐकले आहे काय? २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ इथे आहे.

सुत्तातील राजा

दीघ निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात एका राजाची कथा आहे. त्याने राज्याचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी आली. पकडलेल्या चोराने 'जगण्याचे साधन नाही' असे सांगताच राजाने त्याला धन दिले. हे कळताच दुसऱ्यांनीही चोरी केली. मग राजा कठोर झाला आणि त्याने शिरच्छेद आरंभला. लोकांनीही शस्त्रे घेतली. पुढे हत्या आली, खोटे बोलणे आले आणि माणसाची अधोगती होत गेली.

या कथेतला राजा कंजूष नव्हता. त्याने दिले, पण उशिरा दिले, नियमाने दिले नाही, आणि अनर्थ घडल्यावर एकेकट्याला दिले. त्यामुळे लोक एकच गोष्ट शिकले, की गडबड केल्याशिवाय राजाचे लक्ष जात नाही. कूटदंत सुत्तातला पुरोहित याच्या उलट सल्ला देतो. लुटारूंना ठार मारून वा बांधून लूट थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवकाला वेतन द्या. तसे केल्यावर लोक दारे उघडी टाकून, मुलांना अंगाखांद्यावर खेळवीत राहू लागले. एक राजा घटना घडल्यावर पैसा वाटतो. दुसरा घटना घडूच नये म्हणून व्यवस्था लावतो.

मग आपत्कालीन मदत नकोच का? हवी. घर जळाले, पूर आला, कमावता माणूस गेला, तर व्यवस्था लागेपर्यंत भूक थांबत नाही. आळवी गावात भगवान बुद्धांकडे एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, दमून, उपाशीपोटी आला. भगवंतांनी त्याला आधी जेवू घालायला सांगितले, उपदेश नंतर केला. क्रम लक्षात घ्यावा. आधी घास, मग चौकशी. आपल्या कचेऱ्यांत तो उलटा आहे.

कायद्याला हा क्रम समजत नाही असे मात्र नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आणि त्याचे नियम १९९५ चे. पीडिताला सात दिवसांत तातडीची मदत द्यावी, असे हे सुधारित नियम सांगतात. २०१६ च्या दुरुस्तीने ही मदत गुन्ह्याप्रमाणे ८५ हजारांपासून सव्वाआठ लाख रुपयांपर्यंत ठरवली. हा पैसा न्यायाची किंमत नव्हे. न्यायालयात उभे राहीपर्यंत माणूस मोडू नये म्हणून दिलेला तो आधार आहे. सात दिवसांचे सात महिने होतात, तेव्हा तडजोडीचा दबाव जिंकतो. उशीर हा येथे केवळ कामचुकारपणा नाही, तो अन्यायाचा साथीदार आहे.

खोटेपणा कोण शिकवतो?

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. २०२३ साली तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. पण तिच्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अनेक वर्षे वर्षाला २१ हजार रुपये ठेवली गेली. म्हणजे साऱ्या घराचे महिन्याचे १,७५० रुपये! एवढ्यात कोणते कुटुंब जगते? विधवा सून आठवड्यातून दोन दिवस निंदणीला गेली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग दाखल्यावर जो आकडा येतो तो सर्वांना खोटा ठाऊक असतो: तलाठ्याला, तहसीलदाराला आणि त्या बाईलाही. मग याच खोटेपणाचा धाक दाखवून दलाल तिच्याकडून पैसे काढतो. दारिद्र्यातून मुसावाद येतो असे सुत्त सांगते. येथे तर नियमच तो शिकवतो. दुसरीकडे २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत तेवढेच १,५०० रुपये अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळू लागले. तिथल्या बहिणीला मिळाले याचे दुःख नाही. पण २०२५ साली सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी तिकडे वळवल्यावरून वाद झाला, तेव्हा प्रश्न विचारणे भाग होते. त्या समाजांतील स्त्रियांनाही लाभ मिळतोच, असा खुलासा झाला. तो खरा मानला, तरी एका देण्यातून दुसरे देणे भागवता येत नाही. मुलाच्या वसतिगृहाचे पैसे आईच्या खात्यात टाकून मुलाचे देणे फिटत नाही.

पैसा अपुरा आहे हे मान्य. संविधानानेही ताकदीची मर्यादा सांगितली आहे. पण ती मर्यादा रकमेला लागू पडते, वागणुकीला नाही. थोडे द्यायचे असले तरी ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नियमाने, नकाराचे कारण लेखी देऊन देता येते. त्याला जादा तिजोरी लागत नाही.

घेणाऱ्याचे शील

आता आपल्या बाजूचा हिशेब. १९५६ साली नागपूरला ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांनी अनुसूचित जातीच्या सवलती जातील याची पर्वा केली नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने त्या द्यायला १९९० साल उजाडले. तीस-चौतीस वर्षे लोकांनी नुकसान सोसले, पण धम्म सोडला नाही. सवलतीसाठी जगणारा समाज असे वागत नसतो. तेव्हा हक्काची मदत घेताना आपण लाजू नये.

पण हक्क म्हटला की जबाबदारी आली. न दिलेले घ्यायचे नाही, हे आपले दुसरे शील. गरज नसताना खोट्या दाखल्याने घेतलेले अनुदान सरकारचे नसते. रांगेत मागे उभ्या असलेल्या निराधाराचे असते. आणि शिष्यवृत्तीवर शिकून जे साहेब झाले, त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूला बसल्यावर बाहेरच्याला कसे वागवायचे, हा तर त्यांच्या धम्माचाच प्रश्न आहे. हक्काने दया संपते, करुणा संपत नाही. कायदा पैसे देऊ शकतो. 'बसा आजी, काय अडले?' हे शब्द माणसालाच द्यावे लागतात.

आपल्या विहारांतून दर रविवारी वंदना होते. वंदनेनंतर तासभर एका शिकलेल्या तरुणाने तिथेच बसावे, वस्तीतल्या निराधारांचे अर्ज भरावेत, पोच घ्यावी, मुदत वहीत टिपावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येणारी सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करावे. मोर्चाइतके हे काम गाजणार नाही. पण ज्या म्हातारीच्या हातात पोचपावती आहे, ती पुढच्या सोमवारी हात जोडून उभी राहणार नाही. ती विचारील, 'माझे पैसे का थकले?' तिला असे विचारता यावे, यासाठीच तर बाबासाहेबांनी वरून टाकलेली भाकर नाकारायला शिकवले.